पाच डबडी अन् एक मशीन : प्रोजेक्टच्या नोंदी

१५ डिसेंबर २०२४

विषय फायनल झाला एकदाचा. डिस्ट्रिब्युटेड ऑपरेटिंग सिस्टीमचे (ओएसचे) डिझाइन इश्यू, म्हणजे अनेक मशीनं मिळून एकच असल्यासारखी चालवायची तं काय-काय अडते. हा चॅप्टर आमच्या बॅचमधल्या प्रत्येकानं पेपरात लिहिलाय, ट्रान्सपरन्सी (आतले डबे वापरणाऱ्याला दिसू न देणं), रिलायबिलिटी, फ्लेक्सिबिलिटी, परफॉर्मन्स, स्केलेबिलिटी, पाच हेडिंग अन् प्रत्येकाखाली दोन ओळी, अन् हॉलच्या बाहेर आल्यावर विचारलं असतं तं एकालाही सांगता आलं नसतं. मॅडम म्हणाल्या या वेळी कोणीतरी ते करून दाखवा.

तिघं आहोत. मी, वाडीवाला अन् कामठीवाली. नावं नको लिहायला, वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. मशीनं मामाकडची. नागपुरात सक्करदऱ्याला मामाचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या माळ्यावर पाच जुने डेस्कटॉप पडले होते, कोअर टू ड्युओ, दोन-दोन जीबी रॅम, आत इतकी धूळ की वाडीवाल्याच्या शिंका थांबेनात. मामा म्हणे, "भंगारवाला पैसे देऊन राहिला होता बे याचे, तुमी काय देता?" आम्ही म्हटलं लग्नाचे अल्बम दुप्पट स्पीडनं काढून देतो. ही थाप आहे हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं.

पाचही मशीनला नागपूरच्या एरियांची नावं दिली: महाल, इतवारी, बर्डी, धंतोली, सदर. आयपी, म्हणजे मशीनचा आकडी पत्ता, लक्षात राहत नाही, धंतोली राहते. फोटो प्रिंटर बर्डीला जोडला, मार्केट तिथंच म्हणून. उद्यापासून हिवाळी अधिवेशन आहे त्यामुळं खऱ्या बर्डीवर पोलिसच पोलिस, मशीनं एकमेकांना जोडायचा साधा नेटवर्क स्विच आणायला गेलो तं गाडी लावायला पाऊण तास.

वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं एक ओळ लिहिली: "वापरणाऱ्याला एकच मशीन दिसलं पाहिजे."

२२ डिसेंबर

मॅडमसोबत मीटिंग. पहिलाच प्रश्न: तुमचं हे डिस्ट्रिब्युटेड ओएस की नेटवर्क ओएस? नेटवर्क ओएसमधे प्रत्येक मशीनचं आपापलं राज्य, तुम्हाला माहीत असते की फाइल त्या डब्यात आहे, मग तुम्ही तिथं लॉगिन करता नाहीतर कॉपी करून आणता. डिस्ट्रिब्युटेडमधे डबे दिसायलाच नको, प्रोसेस कुठं चालली, फाइल कुठं पडली, हे सिस्टीमनं बघायचं. आम्ही कर्नेलला, म्हणजे ओएसच्या गाभ्याला, हात लावणार नव्हतो, अल्पाइन लिनक्स टाकून त्याच्यावर गो भाषेत आपला एक थर लिहिणार होतो, म्हणून मॅडम म्हणाल्या मग हे मिडलवेअर झालं, ओएस कसं? वाडीवाला म्हणे मॅडम, इश्यू तेच आहेत ना. त्या हसल्या, म्हणाल्या लिहून ठेवा, व्हायवात हेच उत्तर द्या.

रात्री जुन्या सिस्टीमबद्दल वाचत बसलो. दोन आवडल्या. एक ॲमीबा, ॲमस्टरडॅमला टॅनेनबॉम यांच्या ग्रुपची. तिच्यात मशीन कोणाच्या मालकीचं नसते, सगळे प्रोसेसर एका सामायिक हौदात, काम आलं की त्यातले मोकळे घ्यायचे अन् झालं की परत हौदात. दुसरी बर्कलीची स्प्राइट, जॉन ऊस्टरहाउट यांच्या टीमची. तिथं प्रत्येकाचं आपलं टेबल, आपलं मशीन, पण तुम्ही जेवायला गेले की तुमच्या मशीनवर दुसऱ्याची प्रोसेस येऊन बसते अन् तुम्ही येऊन कीबोर्डला हात लावला की तिला उठवून परत पाठवतात. अगदी जनरल डब्यातल्या सीटसारखं. आपल्याला ॲमीबासारखं पाहिजे, कारण या डबड्यांना मालक असा कोणी उरलेलाच नाही.

ओपनमोसिक्स नावाचा प्रोजेक्ट होता, लिनक्सच्या कर्नेललाच हे सगळं शिकवणारा. २००८ च्या मार्चमधे बंद केला त्यांनी. कारण काय, तं मल्टीकोर प्रोसेसर स्वस्त झाले, एकाच डब्यात चार डबे यायला लागले, मग कशाला एवढा खटाटोप. हे वाचून थोडं उतरल्यासारखं झालं. कामठीवाली म्हणे, "जाऊ दे, आपल्याकडं कुठं चार कोर आहेत, दोनच तं आहेत."

४ जानेवारी २०२५

पहिलं मोजमाप, निकाल लाजिरवाणा. एकाच मशीनवर शंभर फोटो रिसाइज केले अन् मग तेच पाच मशीनवर वाटून केले, पाचवाल्याला जवळपास तेवढाच वेळ. कारण सोपं आहे पण ते डोळ्यानं पाहावं लागलं: आपला स्विच शंभर मेगाबिटवाला, म्हणजे सेकंदाला फार तं अकरा-बारा एमबी, अन् एक फोटो आठ एमबीचा. फोटो नुसता पाठवायलाच पाऊण सेकंद, रिसाइज करायला एक सेकंद. हातातलं काम दुसऱ्याला समजावून सांगण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात आपणच करून टाकलं असतं, घरी आई स्वयंपाकघरात हेच म्हणत असते. शिवाय पाचही मशीन एकाच मशीनकडून फोटो मागत होत्या, तो बिचारा एकटा वाढून राहिला अन् पंगत थाळी घेऊन बसलेली.

म्हणून कामाचा घास मोठा केला. एक फोटो नाही, अल्बमचं एक पूर्ण पान हे एक काम. चार-पाच फोटो, बॅकग्राउंड, शॅडो, सगळं मिळून एका पानाला वीसेक सेकंद लागतात. आता वाटून फायदा दिसतो.

१० जानेवारी

नावांवरून भांडण. फाइलचा पत्ता "इतवारी/लग्न१२/पान३" असा असावा की नुसता "लग्न१२/पान३"? मी म्हणत होतो की नावात मशीन आलं की संपलं, उद्या इतवारीची हार्डडिस्क भरली अन् फाइल महालला हलवली की सगळीकडचे पत्ते चुकले. वाडीवाला म्हणे पण शोधायला सोपं जाते. मग वाचताना कळलं की यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: नावावरून जागा कळू नये ही एक, अन् जागा बदलली तरी नाव बदलू नये ही दुसरी. दुसरी जास्त अवघड. त्यासाठी कुठंतरी एक तक्ता ठेवावा लागतो कोणती फाइल सध्या कुठं आहे याचा, अन् तो तक्ता ठेवलेलं मशीन पडलं की फाइल सगळ्या शाबूत असून सापडत एक नाही. तक्त्याच्या तीन कॉप्या ठेवल्या. आता तीन कॉप्या सारख्या ठेवायचा प्रश्न. या विषयात एक दार लावलं की दोन उघडतात.

१४ जानेवारी

संक्रांत. काम शून्य. गच्चीवर ओ काट.

१९ जानेवारी

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

पाचही मशीनचं घड्याळ एकसारखं पाहिजे, कारण एकाच पानाच्या दोन आवृत्त्या आल्या तं ज्याची वेळ नंतरची ती ठेवायची असा आमचा नियम. स्टुडिओत नेट कधी असते कधी नसते म्हणून बाहेरच्या टाइम सर्व्हरच्या भरवशावर न राहता बर्कली पद्धत लिहिली: एक मशीन बाकीच्यांना वेळ विचारते, सरासरी काढते अन् प्रत्येकाला सांगते तू एवढा पुढं जा, तू एवढा मागं ये. छान चाललं दोन दिवस.

संध्याकाळी मामानं चुकून मेन स्विच बंद केला. सगळी मशीनं परत चालू झाली, नेट नव्हतं, आठच्या सुमारास कामठीवाली ओरडली की अरे तारीख पाहा. पाचही मशीनवर ४ नोव्हेंबर २०२१, सकाळचे साडेसात. कॅलेंडर काढून पाहिलं तं त्या दिवशी दिवाळी. लक्ष्मीपूजनाचा दिवस. वाडीवाला म्हणे चला, अभ्यंगस्नान उरकून घ्या अन् फराळ आणा.

झालं काय होतं, तं महालच्या मदरबोर्डवरचा शेंगदाण्याच्या चिक्कीएवढा गोल सेल, सीआर २०३२, मेलेला. वीज गेली की महालचं घड्याळ फॅक्टरीच्या तारखेवर, १ जानेवारी २००९ ला. बाकी चार २०२५ मधे, एक सोळा वर्षं मागं, सरासरी काढली की सगळे सव्वातीन वर्षं मागं. सोळा भागिले पाच. एका वेड्यानं चार शहाण्यांना मागं ओढलं अन् चौघंही निमूटपणे गेले.

मूळ पद्धतीत गुसेला अन् झॅटी यांनी साफ सांगितलं आहे की जे घड्याळ फारच वेगळं बोलते त्याला सरासरीत धरायचं नाही. ती ओळ आम्ही वाचली होती. कोड लिहिताना "नंतर टाकू" म्हणून सोडली. आणखी एक चूक, घड्याळ मागं फिरवायचंच नसते, पुढं असेल तं थोडा वेळ हळू चालवायचं म्हणजे ते आपोआप जुळते. आम्ही सरळ काटा मागं फिरवला, त्यामुळं त्या दिवशी दुपारी केलेली सतरा पानं भविष्यातली ठरली अन् रात्री दुरुस्त केलेली पानं सिस्टीमनं जुनी म्हणून फेकून दिली. एकही एरर नाही. मामाला कळलं तेव्हा त्यानं फक्त चष्मा काढून पुसला. मामा चष्मा पुसतो म्हणजे काय ते घरी सगळ्यांना माहीत आहे.

सेल बदलला. पण सेल बदलणं हे उत्तर नाही.

२३ जानेवारी

लॅम्पोर्ट यांचा १९७८ चा पेपर तिघांनी मिळून वाचला, दोन तर्री पोहे अन् चार चहात. मुद्दा असा की वेळ किती वाजले हे कळायची गरजच नाही, कोणतं आधी अन् कोणतं नंतर एवढं कळलं तरी पुष्कळ. प्रत्येक मशीनकडं एक साधा आकडा. काही केलं की एकनं वाढवायचा. निरोप पाठवताना सोबत आकडा पाठवायचा. निरोप मिळाला की आपला अन् आलेला यातला मोठा घेऊन त्यात एक मिळवायचा. बस. भिंतीवरच्या घड्याळाचा संबंध संपला, महालला २००९ मधे राहायचं असेल तं खुशाल राहो.

पण पेपरात जे खरं खटकलं ते वेगळं. दोन गोष्टी अशा असू शकतात की त्यातली कोणती आधी हे कोणालाच सांगता येत नाही, कारण त्यांच्यात कोणताच निरोप गेलेला नाही. आकड्यानं क्रम लावता येतो, पण तो आपण लावलेला असतो, तसं घडलं होतं असं नाही.

आजोबांना हे सांगितलं. ते रेल्वेत स्टेशन मास्तर होते. म्हणे यात नवं काय, १९०६ पर्यंत भारताची एक वेळच नव्हती, मुंबईचं घड्याळ वेगळं, कलकत्त्याचं वेगळं, रेल्वे मद्रासच्या वेळेनं चालायची. अन् मुंबईत तं जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत काही ठिकाणी धरून बसले होते लोक. गाड्या धावतच होत्या ना बेटा.

७ फेब्रुवारी

लॉक. दोन मशीननं एकाच वेळी प्रिंटरला पान पाठवू नये म्हणून एकावेळी एकालाच परवानगी. पुस्तकात तीन रस्ते. सगळ्यात साधा म्हणजे एक मशीन चौकीदार, त्याला विचारा, तो हो म्हणेल तेव्हा जा, झालं की सांगा, तीन निरोपात काम. दुसरा रिकार्ट अन् अग्रवाल यांचा, १९८१ चा: चौकीदार नाही, प्रत्येकानं बाकी सगळ्यांची परवानगी घ्यायची, पाच मशीनला आठ निरोप. आम्हाला हा फार भारी वाटला कारण यात कोणी मोठा नाही कोणी लहान नाही. लिहिला. चालला. मग सदर बंद पडलं, त्याचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तसाही आजारी आहे, अन् बाकी चौघं त्याच्या परवानगीची वाट पाहत गप्प उभे. चौकीदारवाल्यात एक मशीन मेलं की काम थांबायचं, यात पाचापैकी कोणतंही मेलं की थांबते. समानतेची किंमत.

तिसरा रस्ता टोकनचा, ज्याच्या हातात टोकन तोच छापणार. हे आजोबांना सांगायची सोयच नव्हती, मी "टोकन" म्हटलं अन् ते उठून बसले. एकेरी लाइनवर गोळा असायचा, म्हणे. दोन स्टेशनांच्या मधे एकच रूळ, दोन्हीकडं एक-एक लोखंडी यंत्र, त्यात गोळे भरलेले, बिलियर्डच्या चेंडूपेक्षा जरा मोठे. समोरच्या स्टेशनाची संमती तारेवरून आल्याशिवाय यंत्र गोळा सोडतच नाही, अन् एक गोळा बाहेर असला की दोन्ही यंत्रं कुलूपबंद, तो कुठल्यातरी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघणार नाही. गोळा चामड्याच्या पाकिटात, पाकीट वेताच्या मोठ्या कड्याला, ड्रायव्हर चालत्या गाडीतून हात बाहेर काढून कडं दंडात अडकवून घेणार. गोळा नाही तं गाडी नाही, राष्ट्रपती बसलेले असले तरी.

मी विचारलं, गोळा हरवला तर? आजोबा थोडा वेळ गप्प. मग म्हणे, तोच तं खरा प्रश्न आहे. यंत्र तिथंच बंद समजायचं अन् फोनवर बोलून कागदी परवाना लिहून गाडी काढायची. फोनवरचा आवाज खरा कशावरून, म्हणून दोन्ही मास्तरांकडं प्रायव्हेट नंबरांचे कागद, प्रत्येक निरोपामागं एक नंबर सांगायचा, समोरच्यानं आपला सांगायचा, दोन्ही लिहून घ्यायचे अन् वापरलेला नंबर खोडायचा. तो परत कधी वापरायचा नाही.

"अन् हरवलेला गोळा दुसऱ्या दिवशी सापडला तर?"

"लगेच यंत्रात टाकायचा नाही. सिग्नलवाला येऊन पाहील, मग."

हे लिहून ठेवलं पण तेव्हा त्याचा पूर्ण अर्थ लागला नाही.

१९ फेब्रुवारी

काल लग्नाची मोठी ऑर्डर होती, पहिल्यांदाच खरं काम आमच्या सिस्टीमवर. सकाळी मामाचा फोन: "अबे एकाच करवलीचे सहा शीट काऊन निघाले?"

१२ बाय १८ चं पान, करवली हातात कलश घेऊन हसते आहे, सहा वेळा. कारण सापडायला दुपार झाली. धंतोलीनं बर्डीला सांगितलं छाप. बर्डीनं छापलं अन् "झालं" असा निरोप परत पाठवला, पण बर्डीच्या केबलची क्लिप तुटलेली, प्लग सैल, निरोप रस्त्यात मेला. धंतोलीला वाटलं आपलं म्हणणं पोचलंच नाही म्हणून तिनं परत सांगितलं. असं सहा वेळा. धंतोलीच्या जागेवरून पाहिलं तं निरोप जाताना हरवला, निरोप येताना हरवला अन् बर्डीच मेली, तिन्ही एकसारखं दिसते: शांतता.

दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच मशीनवरचं असल्यासारखं बोलवायचं ही आरपीसीची आयडिया, बिरेल अन् नेल्सन यांनी १९८४ च्या पेपरात झेरॉक्स पार्क या लॅबमधून राबवून दाखवली, अन् ती इतकी सोयीची आहे की तिच्यामुळंच आपण फसतो. आपल्या मशीनवरचं फंक्शन एकतर चालते नाहीतर प्रोग्रामच पडतो. तिकडचं फंक्शन "चाललं की नाही माहीत नाही" असं तिसरंच उत्तर देऊ शकते अन् कोडमधे त्या तिसऱ्या उत्तराला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

फोटो रिसाइज दहा वेळा केला तरी बिघडत नाही, तेच उत्तर येते, तिथं बिनधास्त परत-परत पाठवा. छापणं तसं नाही. म्हणून प्रत्येक छपाईला नंबर दिला अन् बर्डी झालेल्या नंबरांची वही ठेवते, परत आला की नुसतं "झालं" म्हणते, छापत नाही. सहा करवल्यांपैकी एक अल्बममधे गेली, एक मी वहीत चिकटवली आहे, बाकी मामाच्या टेबलावर आहेत अन् मी गेलो की तो त्या पत्त्यांसारख्या पिसतो.

तरी एक भोक राहतेच. बर्डीनं छापलं अन् वहीत लिहायच्या आधी वीज गेली तर? आधी लिहून मग छापलं तं उलटं भोक: लिहिलं, वीज गेली, छापलंच नाही. क्रम कोणताही लावा, मधे एक क्षण राहतोच. कामठीवाली अजून यावर डोकं लावून राहिली.

९ मार्च

इलेक्शन. टोकन वाटायला एक लीडर पाहिजे अन् तो पडला की दुसरा निवडायचा. बुली अल्गोरिदम वापरला, गार्सिया-मोलिना यांचा, १९८२ चा. जिवंत असलेल्यांत ज्याचा नंबर सगळ्यात मोठा तो लीडर. आमच्याकडं सगळ्यात मोठा नंबर सदरचा, अन् सदर म्हणजे तोच आजारी एसएमपीएसवाला. तो उठतो, इलेक्शन लावतो, जिंकतो, दहा मिनिटं राज्य करतो, पडतो, बाकीचे इलेक्शन लावतात, तो परत उठतो. एका दुपारी नऊ इलेक्शन मोजले. नंबर उलटे लावले, सदरला सगळ्यात लहान केलं, शांतता झाली.

स्विचच्या मधली केबल काढून दोन गट पाडून पाहिले, तीन इकडं दोन तिकडं, अन् दोन्हीकडं लीडर उभा राहिला, दोघंही जोरात. आता नियम असा की पाचापैकी तिघांनी होकार दिल्याशिवाय कोणी लीडर नाही. दोनवाला गट मग नुसता बसून राहतो, मशीनं चांगली, वीज चालू, पण काम करत नाही. मामाला हे पटवायला कठीण गेलं. "चालू आहे ना ते, मग काऊन बसलं?"

४ एप्रिल

पारा चाळिशीच्या वर. स्टुडिओत कूलर लागला, खसच्या नव्या ताट्या, वास छान. कूलरची मोटर चालू झाली की व्होल्टेज एक झटका खाते अन् सदर रिस्टार्ट. हे अपेक्षित होतं. इतवारीचं अपेक्षित नव्हतं.

इतवारीकडं छपाईचं टोकन होतं. तिचा पंखा धुळीनं गच्च, प्रोसेसर तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, त्यात मोठं पान अन् दोन जीबी रॅम, रॅम भरून सगळं स्वॅपवर, म्हणजे हळू हार्डडिस्कवर, गेलं अन् ती चाळीस सेकंद हूं की चूं नाही. आमचा टाइमआउट दहा सेकंद. दहा सेकंदांनी लीडरनं जाहीर केलं की इतवारी गेली, नवीन टोकन काढलं, धंतोलीला दिलं, धंतोली छापायला लागली. चाळिसाव्या सेकंदाला इतवारी जागी झाली. तिच्या मते काहीच झालेलं नाही, टोकन तिच्या हातात आहे, तिनंही पान सोडलं. सप्तपदीच्या पानांमधे हळदीचं पान. बिघाड असा की कोणीच चुकलेलं नाही, प्रत्येकानं आपल्या माहितीप्रमाणं बरोबर केलं.

टाइमआउट वाढवू, वाडीवाला म्हणे. साठ करू. मग खरंच मेलेल्या मशीनसाठी साठ सेकंद सगळे थांबतील, अन् एकसष्ट सेकंद झोपणारी कोणीतरी निघेलच. फिशर, लिंच अन् पॅटरसन यांनी १९८५ मधे सिद्धच करून ठेवलंय की निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल तं एक मशीन मरायची नुसती शक्यता असली तरी सगळ्यांचं एकमत होईलच अशी ठाम पद्धत निघू शकत नाही. मेलेलं अन् हळू यांच्यातला फरक बाहेरून दिसत नाही.

तेव्हा आजोबांचा गोळा आठवला. हरवलेला गोळा सापडला म्हणून यंत्रात टाकायचा नाही, अन् वापरलेला नंबर परत वापरायचा नाही. रात्री अकराला कोड लिहिला: प्रत्येक नव्या टोकनवर आधीपेक्षा मोठा नंबर, अन् बर्डी आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा नंबर लक्षात ठेवते, त्यापेक्षा लहान नंबरचं टोकन घेऊन कोणीही आलं तं परत पाठवते. इतवारी झोपेतून उठून सतरा नंबरचा गोळा घेऊन आली, बर्डीनं अठरा पाहिलेला, जा. वाडीवाल्यानं इतवारीची प्रोसेस मुद्दाम थांबवून वीस वेळा करून पाहिलं. वीसही वेळा परत.

१२ एप्रिल

पहिल्या पानावरची लाल ओळ आज खोडली.

भांडण झालं यावरून, खरं भांडण, कामठीवाली अर्ध्यातून उठून गेली अन् तासाभरानं संत्र्याची बर्फी घेऊन परत आली. तिचं म्हणणं असं की डबे लपवायचे हा नियम आपण सगळीकडं लावत गेलो. नावात मशीन नको, बरोबर. काम कुठं चाललं ते मामाला कळायची गरज नाही, बरोबर. पण छापलं की नाही हे आपल्यालाच माहीत नसताना पडद्यावर "चालू आहे" दाखवणं म्हणजे ट्रान्सपरन्सी नाही, खोटं बोलणं आहे. त्या मधल्या क्षणाचं भोक बुजत नाही ना, मग ते दाखवा.

मी म्हणत होतो की मग ते एक मशीन कसलं, एका मशीनवर असं कधी दिसते का. वाडीवाला म्हणे एका मशीनवरही प्रिंटरचं असंच असते भाऊ, कागद अडकला की कुठं कळते कॉम्प्युटरला. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता कामाच्या चार अवस्था: रांगेत, चालू, झालं, माहीत नाही. चौथीला लाल रंग. बर्डी पडून उठली की छपाई सुरू केल्याची नोंद आहे पण संपल्याची नाही असं पान ती स्वतःहून परत छापत नाही अन् झालंही म्हणत नाही, लाल करून ठेवते अन् दोन बटणं देते: "ट्रेमधे आहे" अन् "ट्रेमधे नाही". शेवटचा निर्णय ज्याला डोळे आहेत त्याचा.

मामाला दाखवताना मला लाज वाटून राहिली होती, चार महिने काम करून सिस्टीम म्हणते माहीत नाही. मामानं पाहिलं, म्हणे, "हे बरं आहे. पहिले तुमचं ते हिरवं-हिरवं दिसायचं अन् आत करवली निघायची."

२१ एप्रिल

मॅडम स्टुडिओत आल्या, डेमो. मांडायला आम्ही चाळीस पानांचं लग्न लावलं. अर्ध्यात त्यांनी काही न विचारता धंतोलीची केबल उपटली. बारा सेकंदांत तिचं काम महालनं उचललं. मग बर्डीचा पॉवर काढला, ऐन छपाईत. आमच्या तिघांचाही श्वास बंद. चालू झाल्यावर एक पान लाल. मॅडमनी स्वतः जाऊन ट्रे पाहिला, अर्धं छापलेलं पान, नवरदेवाचा फेटा आहे अन् चेहरा नाही. त्यांनी "ट्रेमधे नाही" दाबलं, पान परत आलं, पूर्ण.

"स्केल?" एवढंच विचारलं. पाचाचे पन्नास झाले तं लीडर गुदमरेल, बर्डीला एकच प्रिंटर आहे अन् फाइलींच्या तक्त्यावर सगळे तुटून पडतील, हे आम्ही सरळ सांगितलं. रिपोर्टमधे लिहा म्हणाल्या, कुठं तुटेल ते पान मला पहिले पाहिजे.

दुप्पट स्पीडचं म्हणाल तं आमच्या चाळीस पानांना एका मशीनवर साडेतेरा मिनिटं लागायची, पाचावर सव्वाचार. तिपटीच्या वर. पाचपट नाही. मामानं दुपटीचाच सौदा केला होता म्हणून आम्ही काही बोललो नाही.

२८ एप्रिल

रिपोर्ट बायंडिंगला दिला. मशीनं स्टुडिओतच राहणार, भंगारवाल्याला मामानं परत पाठवलं म्हणे. सदरचा एसएमपीएस बदलला, इतवारीचा पंखा साफ केला, पाचही सेल नवे.

स्टुडिओत गेलो तं प्रिंटरच्या वर मामानं जुन्या करवलीच्या शीटची मागची पांढरी बाजू चिकटवली आहे, त्यावर स्केच पेननं मोठ्या अक्षरात: लाल आलं की पहिले ट्रे पाहा, मग मला विचारा. खाली कामावरच्या पोऱ्यानं बारीक अक्षरात लिहिलंय: मामा जेवायला गेले असतील तं थांबा.